तिनंच ठरवलं हो

बाबा,

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि इतक्या वर्षांत मी तुमच्यावर एकदाही धड रागावले नव्हते. यंदाच्या जूनमध्ये रागावले. तो राग अजून उतरलेला नाही. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. पण ज्याला जाब विचारायचा तोच निघून गेला असेल तर काय करायचं, ते मात्र कोणी सांगत नाही.

तुमची नात, जिला तुम्ही पाहिलं नाहीत, यंदा बारावी झाली. दोन मोठ्या संस्थांमध्ये तिला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. एक विमानानं जावं लागेल इतकी लांब, पण तिथे तिचा आवडता विषय आहे, धातूशास्त्र. ही पोर आठवीपासून गंजलेले खिळे आणि तुटक्या कड्या बरण्यांमध्ये जमवते. दुसरी संस्था चंडीगढशेजारच्या पंचकुल्यातल्या आमच्या घरापासून गाडीनं तासाभरावर. नाव तितकंच मोठं, शाखा कॉम्प्युटरची. मी गृहीत धरलं होतं की ती लांबची घेणार. होकार कळवायच्या शेवटच्या दुपारी ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली आणि म्हणाली, "मम्मा, मैं यहीं वाला ले रही हूँ."

मी विचारलं, का गं? तिचे वडील फौजेत, दोन वर्षांसाठी पूर्वेला पोस्टिंगवर. घरात मी आणि पंचाहत्तरीची आई. "पापा यहाँ नहीं हैं, आजी की तबीयत देखो. और आप भी तो रुकी थीं ना? आजोबा ने आपको चॉइस दी थी, आपने खुद घर चुना था."

खुद! बाबा, तुमची ती गोष्ट तुमच्यामागे एकोणीस वर्षं जगली आणि माझ्याच टेबलावर येऊन बसली.

आता मी सांगते काय झालं होतं ते. मी सहावीत असताना तुम्ही चंडीगढच्या हॉस्पिटलच्या क्वार्टरमधल्या स्वयंपाकघरात पाण्यानं भरलेलं पातेलं ओट्यावर ठेवलंत आणि स्टीलची वाटी त्यात तरंगत सोडलीत. मग तीच वाटी आडवी करून बुडवलीत. "वजन तेच, धातू तोच. मंग काहून बुडली?" मला उत्तर यायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत मी पातेलं हलवू दिलं नाही म्हणून आईनं कुरकुर केली, तर तुम्ही तिला म्हणालात, "पोरगी विचार करून राहिली, करू दे." जिथे समुद्र सोडाच, धड मोठी नदीही नाही अशा शहरात वाढून मी जहाजं बांधायची स्वप्नं पाहिली, ती तुमच्यामुळे. आणि बारावीनंतर मला जहाजबांधणीची जागा मिळाली. दक्षिणेतल्या त्या संस्थेत, समुद्राच्या गावी. इकडे चंडीगढच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सही मिळत होतं. पण घरात दुसऱ्या पर्यायाबद्दल कोणी बोलतही नव्हतं.

प्रवेश पक्का करायला आपण दिल्लीला गेलो, तिथल्या हॉलमध्ये माझा नंबर पुकारतात. टेबलामागचे सर चष्मा वर करून माझ्याकडे बघतात, तुमच्याकडे नाही. "हाँ बेटा, नेवल आर्किटेक्चर. पक्का?" मी तोंड उघडते, आणि आवाज तुमचा येतो. "नहीं सर, हम सीट छोड़ रहे हैं. चंडीगढ़ में एडमिशन है." सर पुन्हा माझ्याकडे बघतात. मी मान हलवते. का हलवली? अठरा वर्षांत तुम्ही मला चारचौघांत कधी अडवलं नव्हतं, म्हणून मला वाटलं, बाबा अडवतायत म्हणजे कारण असणारच. परतीच्या गाडीत मी विचारलं, "काहून, बाबा?" मी तुमच्या गावचं, अमरावतीचं बोलले की तुम्हाला हसू यायचं. त्या दिवशी आलं नाही. "मोठी झालीस की समजंल," म्हणालात आणि पेपर उघडलात. अंबाला आलं तरी तुम्ही पान उलटलं नव्हतं.

इथवर मी तुम्हाला माफ केलं होतं. बाप आहे, भ्याला असेल. पण त्या वर्षीच्या गणपतीत इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या हॉलमध्ये तुमचे सगळे डॉक्टर मित्र भोवती असताना तुम्ही काय म्हणालात? "तिनंच ठरवलं हो. म्हणाली, घर सोडून नाही जात." काकवा माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या, गुणी पोर म्हणत होत्या. मी प्रसादाचा द्रोण धरून उभी. जागा घेतलीत ती घेतलीत, वर तुमचं वाक्य माझ्या तोंडी घातलंत. पुढे दर वर्षी तेच. माझ्या लग्नातसुद्धा व्याह्यांना तेच सांगितलंत.

म्हणून त्या दुपारी मी ओरडले. मुलीला म्हटलं, "मी काही निवडलं नव्हतं. माझी जागा माझ्यासमोर परत केली त्यांनी." आई सोफ्यावर भाजी निवडत होती. तिचे हात थांबले. "त्यांना नको बोलू," ती म्हणाली. "मी अडवलं होतं." त्या वर्षी तिला दोनदा फिट आली होती. एकदा गॅस चालू असताना. तुम्ही दिवसभर वॉर्डात, मी वर्गात. "एकटीला लई भेव वाटे मले. मी म्हटलं, पोरीला नका पाठवू. आन् तिला सांगूही नका, आयुष्यभर माझ्या नावानं बोटं मोडंल." तुम्ही तिला शब्द दिलात म्हणे.

आई रडली. मी तिला जवळ घेतलं. आणि बाबा, तुमच्यावरचा राग दुप्पट झाला. तुम्ही डॉक्टर होतात. परक्यांच्या पोरांना त्यांच्या आईबापांचे आजार समजावून सांगायचात. मला आईच्या फिटबद्दल सांगायला तुमच्याकडे दिल्लीपर्यंतचा सगळा प्रवास होता. सांगितलं असतंत तर मी कदाचित स्वतःच राहिले असते. मग "तिनंच ठरवलं" हे खरं झालं असतं. तुम्ही आईची भीती झाकलीत, तिला दिलेला शब्द पाळलात, आणि दोघांचं निभावलं ते माझ्या न विचारलेल्या होकारावर. माझ्यावर इतकाही भरवसा नव्हता? दवाखान्यातली यंत्रं नीट ठेवायचं माझं काम चांगलं आहे, मी त्यात रमलेही. तक्रार त्याची नाही. मला विचारायला हवं होतंत, एवढीच आहे, आणि ती मी मागे घेणार नाही.

मुलीनं लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि विचारलं, "मम्मा, सच बोलो. आप चाहती हो मैं जाऊँ?"

"हो," मी म्हटलं. "पक्का."

तिनं लांबची संस्था घेतली. जुलैअखेर तिला विमानतळावर सोडून आले, परतताना वाटेतल्या झिरकपूरच्या गर्दीत तासभर अडकले. आता रोज संध्याकाळी ती फोनवर प्रयोगशाळेतल्या धातूच्या भट्टीविषयी भरभरून बोलते. तिनं योग्य तेच केलं.

पण खरं उत्तर "नाही" होतं, बाबा. ती मला इथे, तासाभरावर हवी होती. ते तिला सांगता आलं नाही, आईलाही नाही.