शोदमोनच्या लेकीचं नाव

प्रिय नेकरूझ,

यंदा जर्दाळू लवकर पिकले. छपरावर वाळत घातलेत. शेजारची खोनिमबीबी खालून ओरडते, "सावसन, दिराला पाठव की थोडे! टीव्हीवर पार वाळलेला दिसतो." तू दिसलास की आपल्या गल्लीत आवाज बंद करतात, चित्र तेवढं ठेवतात.

तू राजधानीत शिकायला गेलास तेव्हा तिथली पोरं तुला तुझ्या बोलण्यावरून 'बकरीवाला' म्हणायची. मग सुट्टीत घरी आलास की चुलीशी बसून मोठमोठ्याने वर्तमानपत्र वाचायचास, आपला डोंगराकडचा पामिरी हेल घालवायला. शोदमोन जीपखालून ओरडायचा, "अरे, माणसासारखं बोल, मंत्र्यासारखं नको!" पण तुला बातम्या द्यायची नोकरी लागली तेव्हा सगळ्यांत जास्त नाचला तोच. जीपमधल्या प्रत्येक प्रवाशाला ऐकवायचा, "हा आवाज माझ्या धाकट्याचा."

त्या दिवशी चौकात काय झालं, हे तू मला कधीच विचारलं नाहीस. म्हणून न विचारता सांगते. शिपायांनी मारलेल्या पोराचं प्रेत मागायला बायका बसल्या होत्या. तुझी आईही होती. गोळीबार सुरू झाला तसा शोदमोन तिला आणायला धावला. गुडघेदुखीमुळे तिला पळता येईना, म्हणून त्याने तिला पाठुंगळीला घेतलं. गोळी समोरून छातीत लागली. तो पडला तरी आईने गळ्यातली मिठी सोडली नव्हती.

शेजाऱ्यांनी त्याला घरी आणून ठेवलं, तेवढ्यात कोणीतरी टीव्ही लावला. तू होतास. "सशस्त्र दहशतवादी टोळीच्या सदस्यांना निष्प्रभ करण्यात आले." मग नावं वाचलीस. सख्ख्या भावाचंही वाचलंस, जिल्ह्यांची तापमानं वाचावीत तसं. आईने मला विचारलं, "निष्प्रभ म्हणजे काय गं?" म्हटलं, "मारलं." "मग तसं का नाही म्हणत हा?" त्यानंतर तिने तुझा फोन घेतला नाही, आणि हिवाळा सरता सरता तशीच गेली.

तू म्हणशील, लिहून दिलेलं वाचलं. खरंय. तू वाचून घरी गेलास, तो 'दहशतवादी' शब्द मात्र इथे राहायला आला. पाववाली मला 'शोदमोनची बायको' म्हणायची, आता 'त्यांच्यातली' म्हणते. जीप विकायला काढली, तर गिऱ्हाईक चाकं तपासून म्हणालं, "गाडी चांगली आहे हो, पण दहशतवाद्याची. प्रत्येक चौकीवर उतरवतील मला." आणि माझी लेक मावजुदा तर तुझ्याच शहरात शिकते. वसतिगृहात पामिरी म्हटलं की मुली आपल्या पिशव्या जवळ ओढतात. फोनवर मलाच दटावते, "आई, आपल्या भाषेत नको, ऐकताहेत." म्हणून आम्ही तिकडच्या ताजिक भाषेत बोलतो. जेवलीस का, थंडी आहे का. त्या भाषेत मला इतकंच येतं; तिला जवळ घेण्याचे शब्द मी शिकलेच नाही.

गेल्या आठवड्यात ती आली होती. दुसऱ्या दिवशी कणीक मळता मळता म्हणाली, "आई, बाबांवरून पडलेलं शोदमोनझोदा नाव सांगितलं की दवाखान्यात कामाला घेत नाहीत, दारातूनच परत पाठवतात. नेकरूझकाका बाप म्हणून कागदावर त्यांचं नाव द्यायला तयार आहेत." मी पिठाच्या हाताने तिच्या थोबाडीत मारली. ती रडली नाही. गाल पुसून कणीक मळत राहिली, आणि तेच मला सोसवलं नाही. नंतर मी तिच्या वेण्या घातल्या आणि म्हटलं, जा.

सोमवारी ती तुझ्याकडे येईल. दे तिला तुझं नाव. मी आड येत नाही. तिला जगायचंय, आणि तुझ्या नावाने दारं उघडतात. पण नाव बदलायच्या कचेरीतला कारकून विचारणारच, हिच्या बापाचं काय झालं. ते उत्तर तिला देऊ देऊ नकोस. तू दे, तिच्यासमोर. तू काय म्हणालास ते ती मला सांगेल. आईला जाऊन वर्ष होईल त्या दिवशी येतो म्हणून निरोप पाठवलायस ना? तुला दार उघडायचं की नाही, ते मी त्यावर ठरवीन.

अजून तरी तुझीच वहिनी,
सावसन