चेक वटेपर्यंत

शिकागो, १२ ऑक्टोबर १९८६

प्रिय सीमा,

शैलेंद्रशी लग्न करू का, असं तू विचारलंस आणि बाप मूग गिळून बसला! फोनवरही नुसत्या हवापाण्याच्या गप्पा. तुझी आई तर माझ्याशी धड बोलत नाहीये. शैलेंद्रच्या वडिलांशी, प्रतापकाकाशी, भांडण झालं म्हणून बाबा अडून बसलेत, असंच तुला वाटत असणार. भांडण झालं, हे खरंय.

त्याचं डेव्हन ॲव्हेन्यूवरचं क्लिनिक मी बांधलं. काम झकास झालं. शेवटचे पैसे मागायला गेलो, तर स्वारीने चहाबरोबर लीन वेव्हरचा कागद पुढे सरकवला. म्हणजे, माझे सगळे पैसे मिळाले, आता या इमारतीवर माझा दावा नाही, असं लिहून द्यायचं. सही आज आणि चेक पुढच्या आठवड्यात! मी म्हटलं, लेका प्रताप, न मिळालेले पैसे मिळाले असं कसं लिहू? सही केली की हक्क गेला. मग तुझा चेक परत आला तर मी काय टाळ्या वाजवू? तो भडकलाच. आपण काय परके आहोत, आता तर व्याही होणार, म्हणाला. मी म्हटलं, अजून मी हो म्हटलेलं नाही. सुहासिनीवहिनी बिचाऱ्या मध्ये पडून पोहे वाढत राहिल्या.

त्याचंही चुकत नव्हतं गं. वेव्हर मिळाल्याशिवाय बँक त्याला कर्जाचे पैसे सोडेना. इकडे माझा टाइल्सवाला आणि प्लंबर मजुरीसाठी खोळंबलेले. शेवटी वकिलाकडून दुसरा कागद करून घेतला: चेक वटला तरच दावा सोडला, एरवी नाही. बँकेने तो मुकाट्याने घेतला. प्रताप अजून फुरंगटलेलाच आहे, पण त्याला मी बघतो.

काल चेक वटला, सगळ्यांची मजुरी देऊन टाकली. आता खरं सांगतो. शैलेंद्र मला पहिल्यापासून पसंत आहे. पण मी हो म्हटलं असतं, तर प्रताप त्या क्षणी माझा व्याही झाला असता. लेकीच्या सासरी पैसे मागायला माझी जीभ रेटली नसती. तो म्हणेल तिथे सही करून आलो असतो आणि त्या दोघांची मजुरी बुडाली असती. म्हणून गप्प बसलो, पोरी. रडवलं ना तुला? आता डोळे पूस आणि शैलेंद्रला फोन कर. माझा होकार आहे. अगदी मनापासून आहे.

तुझाच,
लग्नाची घाई झालेला बाबा