म्हाताऱ्या रॅपरची नवी कॅसेट

अण्णा, परवा एका जुन्या रॅपरचा नवा अल्बम ऐकला. साठीच्या घरात आहे तो आता. पूर्वी एका दमात दहा-बारा ओळी ओढायचा, आता चारवर थांबतो. पण थांबणं लपवत नाही, त्यामुळे शब्द नीट पोचतात. त्याच्याच वयाच्या दुसऱ्या एकाचा ऐकला. तो अजून विशीतली भांडणं उकरत बसलाय, ते काही पटलं नाही. अशी मतं मी अजूनही मित्रमैत्रिणींना ऐकवते, फक्त छापायला देत नाही. का देत नाही, ते तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. मी कराडला इंजिनिअरिंगला. होस्टेलमधल्या मैत्रिणीचा भाऊ अमेरिकेतून रॅपच्या कॅसेटी पाठवायचा आणि आम्ही त्या हातोहात फिरवायचो. शनिवारी मिरजेला घरी आले की मी थेट तुमच्या दुकानात टेप लावायची. तुम्ही तंबोऱ्याची जवारी लावत बसलेले, तारांखालच्या घोडीवर हलकेच कानस फिरवून तारेचा आवाज मोकळा करत. दुसऱ्या कुणी टेप बंद करायला लावला असता. तुम्ही हात थांबवून विचारता, "हा श्वास कुठं घेतोय गं?" मी म्हणते, "अण्णा, शब्द तरी कळतायत का तुम्हाला?" "शब्द कशाला कळाय पाहिजेत? लयीला पक्का हाय गडी."

त्याच गड्यानं त्या वर्षी, मोठ्या खंडानंतर, नवी कॅसेट काढली. रॅपच्या हिशेबात तो तेव्हाच म्हातारा झाला होता, आणि मला ती थकलेली वाटली. मी सांगलीच्या एका दैनिकाच्या तरुणांच्या पानासाठी चारशे शब्द लिहिले. त्यातलं एक वाक्य मला फार आवडलं होतं: वय झालं की कलावंतानं स्वतः उठावं, लोकांनी उठवायची वाट बघू नये. तुम्ही ते कात्रण दुकानात आरशाशेजारी चिकटवलंत. तंबोरे न्यायला येणाऱ्या गवयांना रॅप म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, तरी तुम्ही त्यांना ते वाचायला लावायचात.

दिवाळीच्या सुट्टीला आले तर तुमच्या जागेवर काका बसलेले आणि तुम्ही गल्ल्याशी, तंबोऱ्यांच्या कापडी गवसण्यांच्या घड्या घालत. घरी आई भाकरी थापत होती. तिला विचारलं. "त्यांना वरचं बारीक ऐकू येईना झालंय," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली, कुणाला कळू दिलं न्हाई. पण तुझं ते छापून आलं आणि त्यांनी कानस खाली ठेवली."

मी तशीच दुकानात आले. "अण्णा, मी त्या रॅपरबद्दल लिहिलं होतं."

"व्हय की. खरं लिहिलंस न्हवं?"

"हो."

"मग झालं." आणि तुम्ही पुढची गवसणी घेतलीत. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट सुटल्यासारखं काहीतरी होतं, निदान मी तसं समजून घेतलं. पुढं धारवाडचे एक वृद्ध गवई आले, तुमचे पंचवीस वर्षांचे गिऱ्हाईक. "जवारी तुमच्याच हातची पाहिजे," म्हणून अडून बसले. तुम्ही हसून भिंतीवरच्या कात्रणाकडं बोट दाखवलंत, "माझ्या पोरीनं लिहिलंय, वाचा." त्यांनी वाचलं, माझ्याकडं पाहिलं आणि तंबोरा न देताच ते परत गेले. त्यानंतर तुम्ही चार वर्षं होतात. कानस हातात धरलेली मी पुन्हा पाहिली नाही.

कान गेले होते, म्हणजे कधीतरी तुम्ही उठलाच असता, असं मी स्वतःला सांगत आले आहे, आणि ते बहुधा खरंही आहे. एवढंच की ती कॅसेट मला एका रात्रीपुरती मिळाली होती आणि मी तिची एकच बाजू ऐकून लिहिलं. दुसरी बाजू लेख छापून आल्यावर, कॅसेट पुन्हा हाती आली तेव्हा ऐकली. चांगली होती. तुम्ही दुकानात "खरं लिहिलंस न्हवं?" असं विचारलंत, तेव्हा मला हे माहीत होतं.