जान्हवीने धुऱ्यांचं घर मोजलं

घाटकोपर, भटवाडी
शनिवार, दुपार

तीर्थरूप दादास,

तुझी धाकटी बहीण वनमाला दोन्ही हात जोडून (आणि एक डोळा गॅसवरच्या दुधावर ठेवून) नमस्कार करते. तुझे गुडघे कसे आहेत? मी पाठवलेलं तेल लावतोस, की बाटली फडताळात देवासारखी नुसती मांडून ठेवली आहेस? वहिनीचा खोकला गेला का? इकडे मी ठणठणीत, तुझी लेक जान्हवीही ठणठणीत. मग हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. दादा, फोनवर तू दुसऱ्या वाक्याला भडकतोस आणि तिसऱ्याला फोन आपटतोस. पत्र तसं आपटता येत नाही. आपटलंस तरी वहिनी ते उचलून मोठ्याने वाचेल. (वहिनी, सगळं वाच गो, मधलं गाळू नको.)

आधी जान्हवीची हालहवाल. शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं तिने चिमूटभर पगारात काढली, ते तुला ठाऊक आहेच. जानेवारीत कायम झाली. पहिल्या पुऱ्या पगारात तिने मला मिक्सर आणला आणि चौथीच्या वर्गाला पृथ्वीचा गोल. गोल फिरवायला पोरांची मारामारी होते म्हणून आता रोज एकाची पाळी लावली आहे, आणि ज्याची पाळी तो म्हणे त्या दिवशी आंघोळ करून येतो. घरातही ती बाईच असते. भाजीवाला हिशोबात चुकला तर त्याच्याशी भांडत नाही; म्हणते, "परत मोजा, बघा कुठे चुकलं." तो बिचारा बोटांवर परत मोजतो. माझी भाकरी करपली तर मला म्हणते, "छान प्रयत्न, आत्या." दादा, चाळीस वर्षं भाकऱ्या थापल्यावर हे ऐकायचं!

सध्या सकाळची शाळा आणि परीक्षेचे पेपर, असं दोन्ही चालू आहे. परवा एका पोराचा पेपर तिने मला वाचून दाखवला. प्रश्न होता, तुमच्या घरातील वस्तू कशावर चालतात. पोराने लिहिलं होतं, "पंखा विजेवर चालतो, शेगडी गॅसवर चालते, बाकी सगळं आईवर चालतं." तिने पुरे गुण दिले. मी म्हटलं, अर्धा जास्तीचा दे. नियमात बसत नाही म्हणाली. नियमाला ती फार धरून असते, हे पुढचं वाचताना ध्यानात ठेव, कारण पुढे जे नियमाबाहेर घडलं ते सगळं माझं आहे.

आता मुलुंडच्या धुऱ्यांचं स्थळ. एकुलता मुलगा केतन, लिफ्टच्या कंपनीत नोकरी, घर स्वतःचं, आणि पुढच्या रविवारी ते मुलगी बघायला येणार, हे तूच तिकडून ठरवलंस. तू फोटो मागितलास म्हणून मी तिला स्टेशनसमोरच्या स्टुडिओत नेलं. त्या माणसाने काय केलं देव जाणे, फोटो हातात आल्यावर मीच त्याला विचारलं, ही कोण? रंग दुधाचा, ओठ डाळिंबाचे, आणि नाकाचा तर पत्ताच नाही. तरी पाठवला, कारण मागे मोराचं चित्र छान आलं होतं.

एवढ्यात शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर हुकूम आला की शिक्षकांनी शाळा सुटल्यावर जनगणनेच्या घरमोजणीला जायचं. घर कसलं, छप्पर कसलं, माणसं किती, पाणी कुठून, असे तीसेक प्रश्न विचारायचे आणि मोबाइलमध्ये भरायचे. ऊन असं की डांबराला चपला चिकटतात. पहिल्याच दिवशी तिसऱ्या मजल्यावर एका कुत्र्याने तिची ओढणी धरली. दुसऱ्या दिवसापासून मी छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन सोबत जाते. (छत्री कुत्र्यासाठी.) लोक मला मोठी मॅडम समजतात आणि आधी मलाच खुर्ची देतात. मी आपली बसते.

बुधवारी मुलुंडला, तिच्या शाळेमागच्या गल्लीत होतो. चौथ्या मजल्यावर पाटी दिसली, धुरी. पण मुलुंडात धुरी काय एकच असतील, असं म्हणून मीच बेल दाबली. दार एका बाईंनी उघडलं, माधुरीताई त्यांचं नाव. चांगल्या आहेत हो, खोटं कशाला बोलू. आत बसवलं, पंखा आमच्याकडे वळवला, कोकम सरबत दिलं. सरबताचा घोट घेताना भिंतीकडे नजर गेली. भिंतीवर केतन! तोच बायोडेटातला, हातात कॅरमचा कप. मी जान्हवीला कोपर मारलं. ती मोबाइलवरून मान वर न करता म्हणाली, "थांब ना आत्या, भिंत पक्की की कच्ची ते भरतेय." तिला स्थळाचं आडनाव ठाऊक होतं, पण एका दिवसात साठ पाट्या वाचल्यावर आडनावं डोक्यात कुठे राहतात? आणि तिचा अवतार म्हणजे डोक्यावर टोपी, तोंडाला स्कार्फ, गळ्यातलं ओळखपत्र नेहमीसारखं उलटं. सख्ख्या बापाने ओळखली नसती, मग फोटो बघून बसलेली बाई कुठली ओळखते!

प्रश्न सुरू झाले. मुख्य धान्य कोणतं? माधुरीताई म्हणाल्या, तांदूळ लिहा, पण गहूही लिहा, नाहीतर सरकारला वाटेल आमच्याकडे पोळ्या होत नाहीत. वाहन आहे का? "स्कूटर आहे. आमच्या ह्यांच्यासारखी, सकाळी लवकर सुरू होत नाही." (त्यांचे 'हे' आतल्या खोलीत होते. आतून खाकरले.) मग माणसं किती? "तीन. पण चार लिहा हं."

"चौथं कोण?"

"सून. दिवाळीआधी येईल."

"जी अजून आली नाही ती मोजता येत नाही, ताई."

"अगं, ठरल्यातच जमा आहे. देवगडकडची आहे, शिक्षिका. पण नोकरी सोडणार. आम्ही तोंडही उघडलं नव्हतं, तिच्या वडिलांनी आपणहून शब्द दिला. म्हणाले, लग्नाआधी राजीनामा देईल, मी सांगितलं की ऐकते ती."

दादा, इथे तुझ्या लेकीने मान वर केली. आधी माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या कपाकडे. तिचा अंगठा मोबाइलवर होता तो तिथेच राहिला. मी मनात म्हटलं, आता ही उठते, वाट लागली. पण ती उठली नाही. माणसांच्या रकान्यात तिने तीन हा आकडा घातला आणि त्याच आवाजात विचारलं, "पिण्याचं पाणी घरातच येतं ना?"

पण माझ्याने राहवेना. मोठी मॅडम होतेच मी, तेव्हा माझ्या पदरचे प्रश्न घातले. घरात पोळ्या कोण लाटतं? मुलाला चहा करता येतो का? जेवल्यावर स्वतःचं ताट कोण उचलतं? माधुरीताईंना वाटलं, हल्ली सरकार काहीही विचारतं, आणि त्या खरंखरं सांगत गेल्या. तेवढ्यात केतन खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर आला. (त्याची दुपारची पाळी असते.) त्याने जान्हवीकडे बघितलं आणि जागीच खिळला. टोपी, स्कार्फ सगळ्यातून त्याने ओळखलं. म्हणजे त्या फोटोत पावडरीखाली काय होतं ते घरात याने एकट्यानेच नीट बघितलं असणार. आईला भुवयांनी खुणा करू लागला. "डोळ्यात काय गेलं रे?" माधुरीताई म्हणाल्या. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "ताट मी उचलतो."

"तू? कधीपासून?" माधुरीताईंनी विचारलं.

"आजपासून."

आम्ही निघालो, तर दारावर घराचा नंबर घालायचा जान्हवीचा मार्कर राहिला म्हणून तो लिफ्टपर्यंत धावत आला. म्हणाला, "मॅडम, ताटाचा प्रश्न सरकारी नाही ना?" ती म्हणाली, "नाही. आत्याचा होता." मग तो जरा खाली बघून म्हणाला, "नोकरीचं मला माहीत नव्हतं. पण मी विचारलंही नाही, हेही चुकलंच." तर तुझी लेक त्याला काय म्हणाली असेल? "चूक स्वतःहून सांगितली की मी अर्धे गुण देते." लिफ्ट आली तरी तो दार धरून उभा. लिफ्टच्या कंपनीतला माणूस, आणि दार सोडायचं भान नाही!

खरी गंमत पुढेच आहे. खाली आल्यावर माझी छत्री वर राहिल्याचं ध्यानात आलं. जान्हवीला तळमजल्यावर सोडून मी वर गेले, तर माधुरीताईंनी मला आत ओढून दार लावलं. ही मुलगी तुमची कोण? भाची, मी म्हटलं. (खोटं आहे?) लग्न झालंय? नाही. मग त्या हळूच म्हणाल्या, किती नीट बोलते हो, ना घाई, ना चिडचिड. आम्हाला ती देवगडची मुलगी फोटोतच पटली नव्हती, नुसती पावडर. तिला नकार कळवते, तुम्ही हिचं बघा. मी म्हटलं, बघते, पण ही नोकरी सोडणार नाही. तर दादा, तीच बाई मला म्हणते, "सोडायची कशाला? एवढ्या उन्हात दारोदार फिरून काम करते, ती घरात बसून काय करील? भिंती मोजील?"

मी म्हटलं, पुढच्या गुरुवारी अमावास्या आहे, ती सरू द्या आणि मग नकार कळवा. तोवर हे पत्र तुला मिळेल असा माझा हिशोब.

दूध उतू गेलं. ते पुसून पुढचं लिहिते आहे, म्हणून कागदाला वास येतो. वहिनीला माझा नमस्कार, आणि तेल लाव.

तुझी,
वनमाला

ता. क. येत्या शुक्रवारी धुऱ्यांचा फोन येईल. तुझ्या मुलीला नकार देतील. भडकू नकोस, "बरं" म्हण. मग काही दिवसांनी मी दुसरी मुलगी घेऊन त्यांच्याकडे जाईन, तेव्हा तिचा बाप म्हणून तुला यावं लागेल. येताना चांगला शर्ट घाल.

ता. क. दुसरी. वरचं सगळं तुला हसवायला लिहिलं, पत्र लिहायचं कारण हे आहे. रोज जेवताना ती "बाबा म्हणायचे" म्हणून काहीतरी सांगायची. बुधवारपासून सांगत नाही. रडली नाही, रागावलीही नाही, फक्त तुझं नाव घेत नाही. दादा, तू तिला न विचारता शब्द दिलास. तो धुऱ्यांकडून परत घेऊ नकोस, तिच्यासमोर परत घे. फोन कर आणि एवढंच म्हण, नोकरी सोडायची नाही. उपदेश नको, वहिनीच्या हातात फोन देणं नको, तूच बोल. केतनचं काय करायचं ते तिचं ती बघेल.

ता. क. तिसरी. पाकीट चिकटवायच्या आत जान्हवीने पत्र वाचलं. म्हणाली, "बाबांना लिही, घाई नको. मनापासून वाटेल तेव्हाच करा फोन." तिने सांगितलं म्हणून लिहिलं. शाळा साडेबाराला सुटते. साडेबारा वाजून पाच मिनिटांनी कर.