सायमीचे नाव

मी, लेम्पी हाकुलिनेन, वय त्र्याहत्तर, राहणार नुर्मेस, फिनलंड, माझ्यामागे काय व्हावे ते स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. राग आहे, पण रागाला कायद्याची हरकत नसावी.

१. घर, होडी आणि शिवणयंत्र भाची पिर्को हिला. तळ्याकाठची वाफेची न्हाणी तिने खुशाल पाडावी. मला तिथे कधी निवांत बसता आले नाही.

कारण सांगते. रशियाशी झालेल्या युद्धाच्या हिवाळ्यात मी आणि माझी मैत्रीण सायमी वोर्ना लोट्टा होतो, म्हणजे सैन्याच्या मदतीला गेलेल्या स्वयंसेविका. कुणी रांधायच्या, कुणी मनोऱ्यावरून विमानांवर नजर ठेवायच्या. आमच्या वाट्याला मेलेले आले. आघाडीवरून मुलगे लाकडासारखे गोठून यायचे. त्यांना अशाच एका न्हाणीत ठेवून सैल करायचे, धुवायचे, केस विंचरायचे आणि घरी धाडायचे. सायमी प्रत्येकाशी बोलायची. "सोड रे राजा हात. आई वाट बघतेय."

युद्ध संपले, तहात रशियाने आमच्या संघटनेवर बंदी घालायला लावली. माझा नवरा वैनो म्हणाला, "तो लोट्टांचा करडा झगा चुलीत घाल. कुणी विचारलं तर तू घरीच होतीस." मी घातला. सायमीने घातला नाही. लोक तिला 'शिपायांची बाई' म्हणत. दोन वर्षांत ती क्षयाने गेली.

२. गेल्या वर्षी मी माजी सैनिक मंडळाचे अध्यक्ष काउको रास्तास यांना विनवले, की युद्धस्मारकावर सायमीचे नाव घाला. ते म्हणाले, "लेम्पी, ती लढली कुठं? तुम्ही बायका तर उबेत होतात."

होतो. काउको, तुझा थोरला भाऊ ऑन्नीही त्याच उबेत होता. त्याची मूठ आवळलेली होती. सायमी ती मूठ दोन्ही हातांत धरून बसली, एक बोट मोडू दिले नाही. पेटी उघडल्यावर तुझी आई म्हणाली, "झोपलाय जणू." ती झोप सायमीने आणली होती. धुतलेल्यांविषयी घरच्यांशी बोलायचे नाही, हा आमचा नियम. अर्धे शतक पाळला. आज मोडते.

३. माझ्या रानातली झाडे विकून सायमीच्या नावाचा दगड करावा आणि माझ्याच जमिनीत, चर्चच्या रस्त्याला तोंड करून उभारावा. तिथे कुणाच्या परवानगीची गरज नाही. मजकूर: 'लोट्टा सायमी वोर्ना. हिने मुलांना घरी पाठवले.'

४. माझ्या दफनानंतरची कॉफी मंडळाच्या पुरुषांनी करावी, वाढावी आणि कपबश्याही त्यांनीच विसळाव्यात. बायकांनी बसून राहावे. कितीही सांडले तरी एकीनेही मदतीला उठू नये.

सही: लेम्पी हाकुलिनेन
नुर्मेस, १९ मार्च १९९२

आमच्यादेखत, शुद्धीत सही केली:
हेल्वी तिक्का, शेजारीण
आर्मास लोइक्का, निवृत्त पोस्टमन