आईचे पक्के दात

दादा,

आईचे सगळे दात हाडात स्क्रू मारून पक्के बसवायला चार लाख लागतील, असं तू सांगितलंस. मी इथे परदेशात, परक्यांच्या गोदामांत ओझी उचलून पाठवले. तू म्हणालास, "झालं काम! आता आई दगडसुद्धा चावेल."

काल व्हिडिओ कॉल केला, तर आई बोळक्या तोंडाने जेवत होती. तिने घाईघाईने फोन छताकडे फिरवला. परत दिसली तेव्हा तोंडात दात होते. स्क्रूचे दात असे निघतात का रे? ती साधी कवळी आहे. टोचते म्हणून जेवताना काढते, माझ्यासाठी घालते. तिच्यामागे खिडकीतून तुझी नवी गाडी दिसली. छान आहे.

आई म्हणाली, "दादाला काही बोलू नकोस." म्हणून हे पत्र टाकत नाही. यापुढे फोन साधाच करीन. निदान माझ्याशी बोलताना तरी तिला टोचायला नको.

तुझा बावळट धाकटा