तलावकाठची भिंत

सोमवार, ३ मार्च

तीस वर्षांचा आराखडा आज साहेबांच्या टेबलावर ठेवला. तलावाचा सगळा काठ — बागा, पायवाटा, होड्यांचा धक्का, पाण्यात पाय सोडून बसता येईल असा गवताचा उतार. त्यासाठी जुनी दगडी भिंत पाडायची. सगळी.

भिंत माझ्या सासऱ्यांनी बांधलेली, ते पालिकेत आमच्याच उद्यान विभागाचे प्रमुख असताना. पाडायची कारणं खरी आहेत — पायथा पोकळ झालाय, पाणी वाढलं की टिकणार नाही. पण इथं खोटं कशाला लिहू? खरी नसती तर मी शोधून काढली असती.

बुधवार, ५ मार्च

जेवताना सांगून टाकलं. मुद्दामच. सासऱ्यांचा घास हातातच राहिला. आजवर याच टेबलावर पाहुण्यांपुढे ‘आमच्या सूनबाई झाडांना नंबर घालतात, त्याचा पगार मिळतो’ म्हणून माझं हसं करत आलेत. आज कुणी हसलं नाही. मी पुन्हा वाढून घेतलं.

शुक्रवार, ७ मार्च

नवरा म्हणतो, जरा सांभाळून घे, थकलेत ते. मी विचारलं, थकले नव्हते तेव्हा तू त्यांना काय सांगत होतास? गप्प बसायला मात्र बापानं छान शिकवलंय.

मंगळवार, ११ मार्च

नगरसेवकांत दोन तट. निम्म्यांना भिंत हवीच — संध्याकाळी लोक तिथं बसतात, म्हणजे मतं तिथं बसतात! साहेब म्हणाले, जुन्या जाणत्यांपैकी कुणी एक आपल्या बाजूनं बोललं तर निभेल.

आमच्या घरचे जाणते शनिवारच्या जाहीर सुनावणीत बोलायला नाव नोंदवून आलेत. हरकत घेणार, दुसरं काय!

शनिवार, १५ मार्च

सुनावणी झाली. सभागृह भरलेलं. वेळ पाळायचं काम माझ्याकडे — माणशी तीन मिनिटं, मग घंटी. बाकीच्यांना थोडं सैल सोडलं.

सासरे उठले. कडक इस्त्रीचा कोट. सुरुवात कुठून, तर दगड कुठल्या खाणीतून आणला तिथून. मग गवंडी, मग कंत्राटदार. मग शब्दच सापडेनात. “तेव्हा आम्हाला वाटलं, पाणी एकदा अडवलं की...”

मी घंटी वाजवली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “एकच वाक्य राहिलंय, सूनबाई.”

इथं कोण सूनबाई? मी माइक बंद करायला सांगितला आणि पुढचं नाव पुकारलं. मागे कुणीतरी हसलं, मग बरेच जण. ते उभेच. ओठ हलत होते, आवाज नाही. शेवटी शिपायानं दंडाला धरून बसवलं.

जिरली! परतताना गाडीत मी गुणगुणत होते. ते मागच्या सीटवर.

सोमवार, १७ मार्च

घरात कुणी बोलत नाही. मला झोप छान लागते.

गुरुवार, २० मार्च

आराखडा दोन मतांनी पडला. भिंत राहणार.

मतदानाआधी विरोधातला एक नगरसेवक उठून म्हणाला, जी सून भरसभेत सासऱ्याला बोलू देत नाही, ती लोकांचं काय ऐकणार? टाळ्या पडल्या. साहेबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चार वर्षांचं काम, सगळं पाण्यात.

शुक्रवार, २१ मार्च

सासूबाईंनी सकाळी चहा समोर ठेवला आणि तिथंच उभ्या राहिल्या. “भिंत ही माझी चूक होती, ती पाडा, सूनबाईंचं बरोबर आहे — हे म्हणायचं होतं त्यांना. आठवडाभर माझ्यापुढे पाठ करत होते.”

सासऱ्यांच्या खोलीत गेले. म्हटलं, बाबा, आता सांगा. साहेबांना सांगा, फेरविचार होईल.

त्यांनी चष्मा काढून पुसला. “माझं काही म्हणणं नाही,” म्हणाले.